हरसूलला घर राखायचं तर: कारागीर, कौलं आणि पोहण्याचा तलाव

हरसूल भागात घराची डागडुजी काढायची असेल तर आधी दिनदर्शिका पाहावी आणि मग माणूस शोधावा. त्र्यंबकेश्वर तालुक्याच्या या पश्चिम भागात वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. छपराची एक फट, भिंतीची एक चीर, विजेचा एक सैल जोड हे सगळं याच चार महिन्यांत आपलं खरं रूप दाखवतं. तेव्हा धावपळ करून उपयोग नसतो. मे महिना सरत आला की इथला प्रत्येक कारागीर शेतकरी होतो. राब भाजायचा असतो, बांध घालायचे असतात, नागली-वरईचं बियाणं काढून ठेवायचं असतं. जुलैत भाताची आवणी लागली की दुप्पट मजुरी देऊनही माणूस हलत नाही, आणि त्याने हलूही नये.

दिवाळीनंतरचं चित्र वेगळं. भात घरात आला की कितीतरी कुटुंबं कामासाठी बाहेर पडतात. गिरणाऱ्याच्या मजूर बाजारात सकाळी जे शेकडो लोक उभे असतात, त्यांत हरसूल, पेठ, त्र्यंबक पट्ट्यातलेच बहुतेक. तिथून ते द्राक्षबागांत जातात, काही नाशिकच्या बांधकामांवर जातात. होळीला मात्र सगळे गावी परततात. म्हणजे घरमालकाला वर्षात दोनच वेळा सोयीच्या: भाताची मळणी आटोपल्यावरचे, लोक बाहेर पडण्याआधीचे काही आठवडे, आणि होळीपासून अक्षय तृतीयेच्या आसपासपर्यंतचा काळ.

या दोन वेळांची कामंही वेगळी ठेवावीत. सिमेंटचं काम, म्हणजे प्लास्टर, कोबा, टाकीची दुरुस्ती, हे मळणीनंतर लगेच काढावं. त्या वेळी विहिरीला पाणी असतं आणि सिमेंटला सात ते दहा दिवस पाणी मारणं परवडतं. एप्रिलमध्ये वाडीतल्या बाया हंडा घेऊन लांबवर जात असताना आपण भिंतीला पाणी मारत बसावं हे बरं दिसत नाही, आणि पाणी न मारलेलं प्लास्टर पहिल्याच पावसाळ्यात फुगून पडतं. आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. नोव्हेंबरात गावात पंधरा-वीस दिवसांचं काम मिळालं तर तेवढे दिवस ते कुटुंब घरी राहतं आणि पोरांची शाळा तेवढी कमी बुडते. छपराचं काम मात्र होळीनंतरचं. तेव्हा कौलं, वासे, रिपा वाळलेल्या असतात आणि कुजलेलं लाकूड हाताला लगेच कळतं.

माणूस कसा निवडावा

नाशिक शहरात गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ज्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांच्यावर इथल्या कित्येकांचा हात बसलेला आहे. फरशी बसवणारे, सेंट्रिंग करणारे, नळजोडणी करणारे तरुण हरसूलच्या आसपासच्या वाड्यांवर सापडतात. तरीही अनेक घरमालक नाशिकहून ठेकेदार आणतात. त्याला इथला पाऊस ठाऊक नसतो, आणि जुलैत गळायला लागल्यावर वाघेऱ्याचा घाट चढून तो परत येत नाही. जवळचा माणूस बोलावल्यावर येतो, आणि केलेलं काम रोज त्याच्या डोळ्यांसमोर असतं.

पारख एकाच गोष्टीवर करावी. त्याने दोन पावसाळ्यांपूर्वी केलेलं काम बघायला जा. कालच रंगवलेली भिंत सगळ्यांचीच चांगली दिसते. त्या घरच्या माणसांना विचारा: गळलं का, गळल्यावर बोलावलं तर आला का, हिशेबात घोळ झाला का. बाजारपेठेतल्या हार्डवेअरच्या दुकानदाराला कोण कुठलं सामान नेतो आणि कोणाची उधारी बुडीत जाते हे पक्कं माहीत असतं, त्यालाही विचारा.

कोणत्या कामाला कोण, हेही नीट पाहावं. कौलांचं छप्पर शाकारणं ही जुन्या हातांची विद्या आहे, त्यासाठी वयस्क माणसालाच गाठा. स्लॅबचा गवंडी कौलावर चढला की निम्मी कौलं फोडून खाली उतरतो. कारवीच्या कुडाच्या भिंती, शेणमातीचा गिलावा हे तर बहुतेक घरांतल्या बायांनाच सर्वांत चांगलं जमतं. ते काम त्यांच्याकडून करून घेतलं तर मजुरीही पुरुषाइतकीच द्या. समान कामाला समान वेतन हे बंधन कायद्यात १९७६ पासून आहे.

विजेच्या कामात मात्र ओळख, नातं, स्वस्ताई काहीही पाहू नका. आयटीआयमधून वीजतंत्री किंवा तारतंत्री झालेला आणि शासनाचा परवाना असलेला माणूसच घ्या, आणि परवाना हातात घेऊन पाहा. अर्थिंगचा खड्डा पावसाळ्याआधी तपासून घ्या. मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. ओल्या भिंतीतून करंट उतरला तर तो क्षणात वीज तोडतो. नवं फर्निचर पुढच्या वर्षी घेता येईल, हे उपकरण याच वर्षी घ्या.

रोजावर की उक्तं

जे काम उघडल्याशिवाय कळत नाही ते रोजावर द्यावं, जे मोजता येतं ते उक्तं द्यावं. कौलं उतरवल्यावर चार वासे कुजके निघतील की चौदा, हे आधी कोणीच सांगू शकत नाही. तिथे उक्ता भाव ठरवला तर एक तर कारागीर बुडतो, नाही तर तो कुजका वासा तसाच ठेवून वर कौल रचतो. प्लास्टर, फरशी, रंग ही कामं चौरस फुटावर ठरवावीत आणि मोजमाप दोघांनी मिळून टेपने करावं.

कागद हवाच. वहीचं एक पान पुरतं. काय काम, सामान कोण आणणार, राडारोडा कोण उचलणार, कधी सुरू, कधी संपणार, पैसे कोणत्या टप्प्याला किती. लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवा, दोघांच्या सह्या घ्या, आणि त्याचा फोटो दोघांच्या फोनमध्ये राहू द्या. कारागिराला वाचता येत नसेल तर त्याच्या घरच्या शिकलेल्या पोराला बोलवा. यात अविश्वास मुळीच नाही. उलट मधल्या काळात काम वाढलं तर वाढीव पैसे मागायला त्यालाही आधार मिळतो.

उचल जपून द्या. या भागातल्या मजुरांनी उचलीपायी मुकादमाकडे हंगामच्या हंगाम राबलेलं आहे. मोठी उचल देऊन माणूस बांधून ठेवणं हे मालकानेही करू नये. सामान स्वतः आणलं की उचलीची गरज निम्मी होते. साधारण चौथा हिस्सा सुरुवातीला, मोठा भाग कामाच्या टप्प्यांवर आणि दहावा हिस्सा पहिल्या जोरदार पावसापर्यंत राखून, अशी वाटणी दोघांना झेपते. पण तो दहावा हिस्सा देण्याची शेवटची तारीख कागदावर लिहा आणि त्या तारखेला स्वतः जाऊन पैसे द्या. जूनमध्ये त्याला खत-बियाण्याला पैसा लागतो.

आणखी एक काम मालकाच्या हातात आहे. १८ ते ६० वयाच्या आणि वर्षात किमान ९० दिवस बांधकामावर राबलेल्या कामगाराला महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंद करता येते. त्यासाठी काम केल्याचं प्रमाणपत्र लागतं आणि तिथेच गाडी अडते. तुमच्या घरी किती दिवस काम झालं हे तारखांसह लिहून द्या, म्हणजे ग्रामपंचायतीकडे किंवा ठेकेदाराकडे जाताना त्याच्या हातात काहीतरी असेल. सुतार, गवंडी, लोहार, टोपल्या विणणारे यांना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेचीही माहिती द्या. तीत अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आहे.

छप्पर, स्लॅब, विहीर

कौलं उतरवताना विंचू आणि साप असतात हे गृहीत धरूनच काम करावं. हातमोजे, बूट आणि खाली मोकळी जागा हवी. सिमेंटच्या पत्र्यावर सरळ पाय कधीच देऊ नये. आडवी फळी टाकून, कमरेला दोर बांधूनच चढावं. दोर मालकाने आणून ठेवावा, कारागिराच्या मर्जीवर सोडू नये. कोणी पडलंच तर हरसूलला ग्रामीण रुग्णालय आहे, पण तिथवर न्यायला गाडी कोणाची हे सकाळीच ठरलेलं असावं. उपचाराचा खर्च आपला, हेही मनाशी पक्कं असावं.

लोखंडी पत्र्याचं बहुतेक गळणं हुकाच्या छिद्रातून होतं. रबरी वॉशर उन्हाने तडकतो. दर तीन-चार वर्षांनी वॉशर बदलले तर पत्रा बदलावा लागत नाही. पावसाची झड पश्चिमेकडून येते, म्हणून त्या बाजूच्या भिंतीला पेंढ्याचा किंवा ताडपत्रीचा आडोसा हा जुना उपाय आजही सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा आहे. स्लॅबवर कोणी डबाभर रसायन फासून पाच वर्षांची हमी देऊ लागला तर त्याला आधी उतार दाखवायला सांगा. पाणी साचत असेल तर रसायन हरतं. काम झाल्यावर कडेने पाळ घालून दोन बोटं पाणी दोन-तीन दिवस साठवून पाहा, खालून ओल आली नाही तरच हिशेब पुरा करा.

दोन कामांत माणसाचा जीव जातो. सेप्टिक टँकमध्ये कोणालाही उतरवायचं नाही. २०१३ च्या कायद्याने ते बंद आहे. त्यासाठी सक्शनची गाडी मागवा. आणि विहीर उपसताना डिझेल इंजिन आत उतरवायचं नाही. त्याचा धूर तळाशी साचतो, कळण्याआधी माणूस बेशुद्ध पडतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही.

पोहण्याचा तलाव

२०२० च्या कृषी पर्यटन धोरणानंतर त्र्यंबक परिसरात मुक्कामी पर्यटनाची हौस वाढली आहे आणि पाहुण्यांना तलाव हवा असतो. हरसूलमध्ये तो बांधण्याआधी एक हिशेब करावा. ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी १.३ मीटर खोल अशा मध्यम तलावात ४१,६०० लिटर पाणी बसतं. जलजीवन मिशनचं माप माणशी रोज ५५ लिटर आहे. म्हणजे एकदा तलाव भरणं हे साडेसातशे माणसांचं एका दिवसाचं पाणी. भरल्यावरही ते टिकत नाही. ऑक्टोबर ते मे या काळात रोजचं बाष्पीभवन सरासरी ५ मिलिमीटर धरलं तरी आठ महिन्यांत ३८,००० लिटरच्या वर पाणी उडून जातं, म्हणजे जवळपास अख्खा तलाव.

हे पाणी गावच्या विहिरीतून किंवा टँकरमधून घ्यायचं नाही, असा नियम प्रत्येकाने स्वतःसाठी करावा. त्याची गरजही नाही. १०० चौरस मीटर छपरावर दोन हजार मिलिमीटर पाऊस पडला तर गळती-उतू जाणं वजा करूनही १,६०,००० लिटर पाणी हाती येतं. पहिले दोन-तीन पाऊस छप्पर धुऊन वाहून जाऊ द्या, मग पन्हळीचं पाणी जाळीतून गाळून तलावात घ्या. उरलेलं अस्तर घातलेल्या शेततळ्यात साठवा आणि त्यातून उन्हाळाभर तूट भरा. रात्री आणि पाहुणे नसताना तलावावर आच्छादन ओढलं तर निम्म्याहून अधिक बाष्पीभवन थांबतं. नवी बोअर घ्यायचा विचार असेल तर सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय ती घेता येत नाही, हे १९९३ च्या कायद्यापासून चालत आलेलं बंधन लक्षात ठेवा. माझा आग्रह तर तलावच लहान बांधावा असा आहे. ६ बाय ३ मीटर आणि सव्वा मीटरच्या आत खोली असली तर पाणी निम्मं लागतं, आणि पोहता न येणाऱ्या पाहुण्यांना असलेला धोकाही कमी होतो.

पावसाचं पाणी मऊ असतं, त्यात क्षार जवळजवळ नसतात. असं पाणी सिमेंटचा आणि फरशीच्या सांध्यांचा चुना ओढून घेतं आणि त्याचा पीएच सतत हेलकावतो. म्हणून क्षारता तपासून ती लिटरमागे ८० ते १२० मिलिग्रॅमवर आणावी. ४१,६०० लिटरच्या तलावात ती १० ने वाढवायला साधारण ७०० ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो. तो थोडा थोडा विरघळवून टाकावा. पीएच ७.२ ते ७.८ मध्ये असावा, नाहीतर क्लोरीन घालूनही जंतू मरत नाहीत किंवा डोळे चुरचुरतात.

मोकळं क्लोरीन लिटरमागे १ ते ३ मिलिग्रॅम ठेवायचं. इथे ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून पुष्कळ शिकता येतं, कारण तो गावच्या टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकून ओटी चाचणीचा पिवळा रंग पाहत असतो. तलावासाठी मात्र डीपीडी गोळ्यांची पेटी घ्या, ती मोकळं क्लोरीन वेगळं दाखवते. ४१,६०० लिटरमध्ये क्लोरीन १ मिलिग्रॅमने वाढवायला ३० टक्क्यांची ताजी टीसीएल साधारण १४० ग्रॅम, किंवा ६५ टक्क्यांचं दाणेदार क्लोरीन ६५ ग्रॅम लागतं. टीसीएल बादलीत कालवून निवू द्या आणि वरची निवळीच तलावात ओता, चुन्याचा साका टाकू नका. मात्रा संध्याकाळी द्या, कारण ऊन क्लोरीन खातं. पावडर पाण्यात टाकायची, पावडरीवर पाणी कधी ओतायचं नाही. दाणेदार क्लोरीन आणि क्लोरीनच्या वड्या एका डब्यात किंवा एका मापाने हाताळू नका, पेट घेतात. आम्ल आणि क्लोरीन एका खोलीतही ठेवू नका, त्यांच्या मिसळीतून विषारी वायू सुटतो.

वाळूच्या फिल्टरमधून सगळं पाणी रोज निदान एकदा, सहा ते आठ तासांत फिरलं पाहिजे. विजेचा भरवसा नसला तर हे तास सकाळ-संध्याकाळ वाटून घ्या आणि मोटार कोरडी चालली तर आपोआप बंद पडेल अशी सोय करून घ्या. फिल्टर धुतल्यावर काट्यावर किती दाब होता तो भिंतीवर लिहून ठेवा. त्यापेक्षा अर्धा बार वाढला की पुन्हा उलटं पाणी मारून धुवायचं, त्याआधी नाही. उगाच धुतलं तर दर वेळी शेकडो लिटर पाणी जातं. पाण्याखालचे दिवे १२ व्होल्टचेच हवेत. तळाचं पाणी ओढणारं तोंड एकच असेल तर त्याच्या ओढीला केस किंवा हात अडकतो. दोन तोंडं आणि न तुटलेल्या जाळ्या असाव्यात. तलावाभोवती कमरेपेक्षा उंच कुंपण आणि आपोआप मिटणारं फाटक असावं, पाहुण्यांच्या लेकरांसाठी तसंच वस्तीवरच्या लेकरांसाठीही.

पाणी नेहमीपेक्षा जास्त उतरतंय असं वाटलं तर लगेच तज्ज्ञ बोलावून पैसे घालवू नका. पाण्याने भरलेली बादली तलावाच्या पायरीवर अशी ठेवा की आतलं आणि बाहेरचं पाणी एका पातळीला राहील. मोटार बंद ठेवा. एक दिवसाने दोन्ही सारखंच उतरलं तर ते बाष्पीभवन. तलावाचं जास्त उतरलं तर गळती आहे, आणि मग नाशिकहून तज्ज्ञ बोलवा. तो येईल तेव्हा गावातला एक गवंडी आणि एक नळ कारागीर त्याच्याबरोबर उभे करा आणि त्यांना त्या दिवसाची पूर्ण मजुरी द्या. पुढच्या वेळी ते दोघे पुरतात.

आता या भागातली सर्वांत महागात पडणारी चूक. पावसाळ्यात पाहुणे नसतात म्हणून काही मालक जूनमध्ये तलाव रिकामा करतात. इथे मुरुमाखाली कातळ आहे. जुलैत जमीन तुडुंब भरते आणि पाणी रिकाम्या टाक्याला खालून वर ढकलतं. भरलेल्या तलावात ४१ टनांच्या वर पाण्याचं वजन असतं, ते त्याला दाबून धरतं. रिकामा तलाव तळाशी तडकतो, कधी एका बाजूने उचललाही जातो, आणि ती दुरुस्ती नव्या बांधकामाइतकी होते. म्हणून पावसाळ्यात तलाव भरलेलाच ठेवा. रिकामा करून तपासायचा असेल तर मार्चनंतर, विहिरींची पातळी पाहून, आणि तोही बऱ्याच वर्षांतून एकदा. ते पाणी ओढ्यात सोडू नका, कारण तिथले मासे-खेकडे खालच्या वस्तीच्या ताटात असतात. क्लोरीन टाकणं थांबवून काही दिवस उन्हात राहू द्या, डीपीडीने शून्य दिसलं की आंब्या-काजूच्या आळ्यांत द्या.

पावसाळ्यात तलावाला काम कमी नसतं. १०० मिलिमीटरचा एक पाऊस ३,२०० लिटर ताजं पाणी ओततो, क्लोरीन आणि क्षारता पातळ करतो, आवारातली माती आणि पाला आणतो. आवाराचं पाणी तलावाबाहेर वळवणारी चर मेमध्येच खणून घ्या. जोराच्या पावसाआधी पाणी वीतभर उतरवून ठेवा आणि पाऊस थांबल्यावर चाचणी करा. हे सगळं सांभाळायला वस्तीवरचा एक तरुण किंवा तरुणी शिकवून तयार करा, वही द्या, रोजचे आकडे लिहायला लावा. पाहुणे नाहीत म्हणून जुलै-ऑगस्टचा पगार थांबवू नका. तलावाला माणसाची खरी गरज त्याच दोन महिन्यांत असते.